सेलूहून मरुभूमीकडे : सात दिवसांचे नियोजन

विदर्भातील पुष्कळ ओसवाल घरांत मारवाडचे नाव रोज निघते, परंतु मारवाड पाहिलेले माणूस घरात क्वचितच सापडते. आडनावात, कुलदेवीच्या स्मरणात, लग्नातील गीतांत आणि केर-सांगरीच्या डब्यात तो प्रदेश टिकून आहे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, वर्धा-हिंगणघाटचा कापूस मुंबई बंदराशी जोडला गेला आणि राजस्थानातील अनेक व्यापारी घराणी या मुलखात स्थिरावली. जमनालालजी बजाज यांचा जन्मही 1889 मध्ये सीकरजवळील काशी का बास या खेड्यात झाला होता; वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना दत्तक घेतले. सेलूच्या पेठेतील आमच्यासारखी घरे त्याच ओघातली.

यंदा सात दिवसांची मरुभूमीची यात्रा करावयाची असे घरात ठरले, तेव्हा हा सर्व इतिहास कुणाच्या मनात नव्हता. मातोश्रींनी वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण केली आहेत आणि त्यांची एकच इच्छा आहे : ओसियाँचे दर्शन. मुलांना वाळूचे डोंगर पाहावयाचे होते. मातोश्रींचा चौविहार अनेक वर्षांत मोडलेला नाही. या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात कशा बसवाव्यात, हा आमच्यापुढील खरा प्रश्न होता. ज्या कुटुंबांना अशीच यात्रा करावयाची असेल त्यांना उपयोगी पडावे म्हणून आमचे नियोजन येथे मांडत आहे.

पहिला विचार ऋतूचा. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो आणि यात्रांचे दिवस सुरू होतात. परंतु तेव्हाच कापसाची आवक वाढू लागते. मार्चपासून वाळवंट तापू लागते. म्हणून फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडला. जैसलमेरचा मरुमहोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो. त्या तीन दिवसांत खोल्या मिळणे दुरापास्त, तेव्हा तेवढी तिथी टाळली. दुकान मात्र बंद राहणार नाही. ज्येष्ठ बंधूंनी गादीवर बसण्याचे आपणहून स्वीकारले. एक भाऊ देशी आणि एक देसावरी, ही आपल्याकडील जुनीच रीत आहे.

दुसरा विचार अंतराचा. सेलूहून जोधपूर मोटारीने हजार किलोमीटरहून अधिक पडते. येण्याजाण्यातच चार दिवस गेले तर आठवड्यात उरते काय? म्हणून नागपूरहून जोधपूरपर्यंत रेल्वे आणि तेथून स्थानिक चालकासह मोठी गाडी, असे ठरले. सात दिवस जोधपूरपासून जोधपूरपर्यंत मोजावयाचे.

तिसरा विचार सूर्याचा, आणि सारे नियोजन त्याच्याच भोवती उभे राहिले. जैसलमेर आपल्या फार पश्चिमेस आहे. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात सेलूला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तर जैसलमेरला जवळजवळ साडेसात होतात. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी येणारी नवकारसी तेथे सव्वाआठच्या आसपास पडते. सायंकाळी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आहाराची मुभा सुमारे सव्वादहा तास. सकाळी ज्या वेळी कुणी काही खाणारच नाही, तो वेळ रस्त्यासाठी ठेवावा आणि सायंकाळी साडेपाचला गाडी भोजनाच्या ठिकाणी उभी असावी, हा नियम आम्ही केला. त्यामुळे दिवसाकाठी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आपोआपच वगळला गेला.

या नियमाने मार्ग असा आखला गेला. पहिल्या दिवशी जोधपूरहून सुमारे पासष्ट किलोमीटरवरील ओसियाँ. येथील महावीर मंदिराची उभारणी प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातील, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली जाते. आचार्य रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने येथेच ओसवाल समाजाची स्थापना झाली, अशी आपली परंपरा सांगते. सच्चियाय मातेचे मंदिर टेकडीवर आहे आणि पायऱ्या पुष्कळ आहेत. मातोश्रींना घाई होऊ नये म्हणून मुक्काम तेथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फलोदीजवळील खीचन. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे कुरजा पक्षी, म्हणजे करकोचे, येथे हजारोंच्या संख्येने उतरतात. त्यांना रोज सकाळी धान्य घालण्याची प्रथा या गावातील जैन कुटुंबांनी चालविली आणि तिच्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर उभारले. गावात लाल दगडाच्या देखण्या हवेल्या आहेत. त्यांतील अनेकांना कुलुपे आहेत, कारण मालक दूर देशी व्यापाराला गेले. धान्य मात्र थांबलेले नाही. 2025 मध्ये या स्थळाला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथून पोकरणमार्गे दुपारपर्यंत जैसलमेर.

तिसरा आणि चौथा दिवस जैसलमेरचा. रावळ जैसलने 1156 मध्ये वसविलेल्या किल्ल्यात पिवळ्या दगडाची जैन मंदिरे आहेत आणि संभवनाथांच्या मंदिराखाली जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आहे. पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या या भांडारात विक्रम संवत 1117 मधील, म्हणजे इसवी सन 1060 ची, ओघनिर्युक्तीवृत्तीची ताडपत्रीय प्रत आहे. जर्मन पंडित ब्यूलर आणि याकोबी 1874 मध्ये ही ग्रंथसंपदा पाहावयास येथे आले होते. 1950 च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी दीर्घ काळ येथे राहून ग्रंथांची व्यवस्था लावली. ज्या कोरड्या हवेने माणसांना गाव सोडावयास लावले, तिनेच ताडपत्रे सांभाळली. दर्शनाच्या आणि भांडाराच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. बहुधा सकाळच असते.

गुमानचंद पटवा यांनी 1805 च्या सुमारास आरंभिलेल्या पाच हवेल्या मुलांना अवश्य दाखवाव्यात. बाफना गोत्राच्या या घराण्याच्या पेढ्या दूरदूर पसरल्या होत्या. पुढे व्यापार उंटाच्या तांड्यांकडून बंदरे आणि रेल्वेकडे वळला, 1947 च्या फाळणीने सिंधकडील वाटाही बंद केल्या. हवेल्या आज प्रेक्षणीय वास्तू आहेत. त्याच घराण्याने अमरसागरला बांधलेल्या मंदिरात मात्र आजही पूजा होते. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरील लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर सतराव्या शतकात थारू शाह भणसाळी यांनी पुन्हा उभारले. तेथेही नित्य सेवा आहे. हवेली, मंदिर, ग्रंथभांडार आणि चुग्गाघर ही चारही व्यापाऱ्यांच्या पैशाचीच कामे. घरासाठी बांधले ते पाहण्यापुरते उरले आणि सर्वांसाठी दिले ते चालू राहिले, हे मुलांना तेथे उभे राहूनच समजेल.

पाचव्या दिवशी कुलधरा आणि समचे वाळूचे डोंगर. कुलधरा पालीवाल ब्राह्मणांचे सोडून दिलेले गाव. भुताखेतांच्या कथांपेक्षा पालीवालांची ‘खडीन’ पाहण्यासारखी आहे : उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवावयाचे आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यावयाचे. आपल्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टँकर फिरतात. जैसलमेरला दोनशेही पडत नाही. बोर धरणाच्या कुशीत वाढलेल्या सेलूच्या मुलांनी हे बांध पाहिले पाहिजेत.

समच्या बाबतीत थोडा पेच होता. तेथे सर्वांना सूर्यास्तच पाहावयाचा असतो आणि तंबूंच्या मुक्कामात भोजन गाण्याबजावण्यानंतर रात्री मिळते. आम्ही तंबू वगळला. पाच वाजता जैसलमेरमध्येच भोजन उरकून चाळीस किलोमीटरवर जावयाचे, पाण्याचा शेवटचा घोट सूर्य असतानाच घ्यावयाचा, मग वाळूवर बसून सूर्यास्त पाहावयाचा आणि परतावयाचे. वाळूवर जीप उडविण्याचा खेळ मुलांनी मागितला होता. त्या वाळूत सरडे, भुंगेरे आणि असंख्य लहान जीव राहतात, एवढे सांगितल्यावर त्यांनीच तो सोडला.

सहाव्या दिवशी बाडमेरमार्गे नाकोडा. पार्श्वनाथ प्रभूंचे दर्शन आणि भोजनशाळेची सोय असल्याने लांब पल्ल्याच्या दिवसाचा शेवट तेथे सुखाचा होतो. सातव्या दिवशी सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील जोधपूर आणि परतीची गाडी.

बिकानेर, राणकपूर आणि तनोट वगळावी लागली. तनोट एकट्यासाठी जैसलमेरहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात. धाकट्या चिरंजीवांना त्याचे वाईट वाटले. पण चौथ्या दिवसाची दुपार मोकळी सोडली आहे, ती भरावयाची नाही. वयस्कर माणसाला थकवा आला, गाडी बिघडली, तर तीच दुपार यात्रा सांभाळील.

सामानात पाणी उकळण्याचे विजेचे भांडे, गाळण्याचे स्वच्छ वस्त्र, स्टीलचे थर्मास, खाकरे आणि मूगडाळीचे कोरडे पदार्थ, गुडघ्यांचे पट्टे आणि उबदार कपडे ठेवावेत. मरुभूमीची रात्र फेब्रुवारीतही गारठवते. धर्मशाळांना दूरध्वनी करून खालच्या मजल्यावरील खोली मागून ठेवावी.

खर्चाची वही ज्येष्ठ बंधूंनी स्वतः घातली. ते येणार नाहीत, तरी वहीतील पहिली नोंद त्यांच्याच हातची आहे : खीचनच्या कुरजांसाठी ज्वारी. रेल्वेची तिकिटे दुसऱ्या ओळीवर आहेत.