बड्याचा रस्सा

रविवार. बाहेर साकीनाक्याचा पाऊस, रस्त्यावर चिखल, वर मेट्रोची घरघर. सकाळीच अर्धा किलो बड्याचं मटण आणलं, हाडासकट. २०१५पासून राज्यात गायीसोबत बैल कापणंही बंद. आता बड्याचं म्हणजे म्हशीचंच.

आईच्या पद्धतीनं केलं. हळद-मीठ लावून कुकरला आठ शिट्ट्या. कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटलं, तेलात परतलं. शेवटी रश्श्याला येसूर, म्हणजे भाजल्या धान्याचं मसालेदार पीठ, लावलं, तेव्हा कुठं घरात मराठवाडा आला.

आई सांगायची, उरलेल्या मटणाच्या पट्ट्या दोरीवर वाळत घालायचे. त्या चान्या पुढं पुरवून पुरवून खायच्या. शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपलं, दलित घरांतलं हे खाणं छापलेलं दिसलं, तेव्हा आधी दचकलो, मग पुन्हा पुन्हा वाचलं. शाळेत डब्याबद्दल विचारलं की मी 'बटाटा' म्हणायचो.

आज खिडकी लावली नाही. समोरच्या चाचींनी विचारलं, "क्या पकाया?" खरं ते सांगितलं, वाटीभर दिलंही. संध्याकाळी वाटी परत आली. आत शेवया होत्या.