हुकूम आणि तामिली
मराठी, गुजराती, वारली, हिंदी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सिल्वासात भाषेपायी कुणाचे अडल्याचे आम्ही पाहिले नव्हते. अडला तो प्रिंटर.

सुनेच्या घरगुती मसाल्यांच्या लेबलांसाठी आम्हीच तो हौसेने आणला. तिने मोबाइलवरून पहिले लेबल सोडले, तो नाव, वजन, तारीख यांऐवजी ‘साइज’, ‘गॅप’, ‘प्रिंट’ असले रोमन शब्द ओळीने उमटले. सकाळी चाळीस पाकिटे जावयाची होती. “तूच काहीतरी भलते दाबलेस,” आम्ही सुनावले.

उमटले ते हुकूमच होते. ॲप टीएसपीएल या लेबलांच्या आज्ञाभाषेत बोलत होते. प्रिंटर पावत्यांच्या ईएससी-पीओएस भाषेत ऐकत होता. आज्ञा न कळल्याने त्याने ती मजकूर समजून छापली. परिपत्रक अमलात न आणता त्याच्या प्रतीच वाटणारे कारकून आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले. एकदोनदा आम्हीही तेच केले.

सुनेने फीडचे बटण दाबून धरून प्रिंटर सुरू केला. त्याने आपल्या भाषेचा दाखला स्वतःच छापून दिला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. तिने त्याला लेबलांच्या भाषेवर वळविले.

चाळिसावे लेबल निघाले तेव्हा अकरा वाजले होते. माफीचे शब्द आम्हाला सुचेनात. मुकाट्याने लेबले चिकटवावयास बसलो.