पळसाला पाने नसतात तेव्हा

दिवाळीच्या फराळापुढे फाल्गुनातली गोष्ट काढणे जरा अवेळीच. पण शेवटी ती कार्तिकातच येऊन पोचते, म्हणून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या फाल्गुनात आमच्या लेकीला पुण्याला नोकरी लागली. घरात बांधाबांध सुरू झाली. धीराचा आव आणून मी म्हणालो, "कुठेही जा, पळसाला पाने तीनच!"

"बाबा, पुण्याचं राहू द्या," ती म्हणाली. "नागपुरात वसंत तरी असतो का? थंडी गेली की उन्हाळा!"

मराठीच्या मास्तराला हे कसे सोसावे? होळीच्या आधीच्या रविवारी भल्या पहाटे दशम्या नि ठेचा बांधून आम्ही तिघे रामटेकला निघालो. नागपूरपासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. गडावर मोटार जाते. पण आम्ही अंबाळा तलावाकडून जुन्या पायऱ्यांची वाट धरली.

ऊन वर आले आणि उतारावरचे पळस दिसू लागले. काळ्याभोर, मखमली देठांतून निघालेली पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुले! संस्कृतात पळसाला 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', म्हणतात ते उगीच नाही. पलीकडे काटेसावरीच्या लाल फुलांवर मैनांची पंगत बसली होती.

"बाबा, तुमची तीन पाने कुठे आहेत?" लेकीने विचारले. पळसावर औषधालाही पान नव्हते!

मग मीच शिकलो. पाण्याची चणचण जाणून झाड पाने टाकते. पानांचा आडोसा नसल्याने पाखरांना फुले लांबून दिसतात. पावसाच्या आत शेंगा पिकून वाऱ्यावर निघून जातात. आपल्याकडचा वसंत सावलीत बसून दिसत नाही. त्यासाठी उन्हात चालावे लागते.

धापा टाकीत गडावर पोचलो. इथे वाकाटकांच्या काळातले, ५ व्या शतकातले नरसिंहाचे मंदिर आहे. कालिदासाचे स्मारकही आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. काही पंडित छत्तीसगडातील रामगडाकडे बोट दाखवतात. तो वाद पंडितांचा. माझ्या मनात वेगळेच आले. आषाढात मेघ दिसला तेव्हा यक्षाच्या वर्षभराच्या शापाचे चारच महिने उरले होते. म्हणजे आठ महिने सरले होते आणि त्यांत एक वसंतही होता! इतकी वर्षे वर्गात मेघ शिकवताना हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. घरच्या माणसावाचून हा केशरी डोंगर त्याने एकट्याने कसा पाहिला असेल?

मी गप्प झालो. लेकीने ओळखले असावे. "बाबा, डबा सोडू या," एवढेच ती म्हणाली.

उतरताना सौभाग्यवतींनी खाली पडलेली फुले पिशवीभर वेचली. होळीच्या रात्री ती पाण्यात भिजत घातली आणि धुळवडीला लेकीच्या अंगावर केशरी पाणी पडले. दुसऱ्या दिवशी तिची गाडी निघाली.

यक्षाचा शाप सरतो कार्तिकात, प्रबोधिनी एकादशीला; दिवाळी उलटून गेल्यावर. आमच्या लेकीचे साहेब कुबेरापेक्षा दयाळू निघाले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीच ती येते आहे. काल पत्र्याचे डबे पुसताना सौभाग्यवती म्हणाल्या, "चार दिवसांचीच रजा आहे हो."

मी म्हणालो, "असू दे. फाल्गुनात आपण जाऊ. पुण्याकडेही पळस फुलतोच की!"