बोर्दोचं ब्लेंड : काही टिपणं

फ्रान्समधल्या बोर्दोची साधी रेड वाईन पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार ठरलेली असते : फार तुरट आहे. तक्रार खरी आहे. ही ड्राय वाईन; तिच्यात लिटरमागे साधारण ४ ग्रॅमच्या आत साखर उरते. बाकीची यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. सावरायला गोडी नसल्यामुळे साली आणि बियांतून आलेलं टॅनिन थेट हिरड्यांना लागतं. टपोरं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तसंच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा गुळगुळीतपणा तेवढ्यापुरता जातो. हा तुरटपणा चुकून राहिलेला नाही. या वाईनची सगळी बांधणी त्याच्यावर आहे आणि तो किती ठेवायचा, कशाने मऊ करायचा, यासाठीच ब्लेंड, म्हणजे अनेक द्राक्षजातींच्या वाईनचं मिश्रण, आहे.

*

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची रुंद खाडी होते. डाव्या काठावर मेदोक. हा भाग मुळात दलदलीचा. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून पाणी काढून दिलं आणि खडीचे उंचवटे लागवडीसाठी मोकळे झाले. खडीत पाणी थांबत नाही, दिवसभराचं ऊन मात्र मुरतं. कॅबर्ने सोविन्यों हे जाड सालीचं, बारीक मण्यांचं, उशिरा पिकणारं द्राक्ष. त्याला ही ऊब लागते. उजव्या काठावर सेंत-एमिलियों आणि पोमेरोल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी, जमीन थंड. तिथे लवकर पिकणारं, गरदार मेर्लो खुशीत वाढतं.

बोर्दो म्हटलं की लोकांना कॅबर्ने आठवतं. प्रत्यक्षात तिथल्या काळ्या द्राक्षांखालच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर मेर्लो आहे.

*

दोन द्राक्षं का लावायची? चवीचा विचार नंतरचा, आधी हवामानाची धास्ती. अटलांटिक जवळ, त्यामुळे ऐन तोडणीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस कधी येईल सांगता येत नाही. मेर्लो आधी पिकतं, पावसाच्या आत घरात येतं. पण फूटही आधीच फुटते, म्हणून वसंतातल्या दहिवराचा फटका त्यालाच जास्त बसतो. कॅबर्नेचं नेमकं उलट. एक गेलं तर दुसरं हाताशी असावं, हा हिशेब नाशिक-सांगलीच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगावा लागणार नाही. फेब्रुवारी १९५६ च्या थंडीने मात्र कुणालाच सोडलं नाही. उजव्या काठावरच्या बागाच्या बागा मुळापासून मेल्या.

*

प्रत्येक जातीची, बऱ्याचदा प्रत्येक तुकड्याची वाईन वेगळी आंबवतात. हिवाळ्यात सगळे नमुने टेबलावर येतात आणि चाखणी सुरू होते. नुसतं तरुण कॅबर्ने चाखलं तर करवंदासारख्या काळ्या फळांचा वास, शिशपेन्सिल तासल्यासारखी झाक आणि कडक तुरटपणा. घोटाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते ठाम असतं, मधे पोकळ वाटतं. ती पोकळी मेर्लो भरतं. आलुबुखाऱ्याची चव, अंगाने मऊ, अल्कोहोल थोडं जास्त. कॅबर्ने फ्राँ सुगंधासाठी. पेती व्हर्दो फार उशिरा पिकतं; शंभरात दोन-चार भाग घातले तरी रंग गडद होतो. प्रमाण दरवर्षी नव्याने ठरतं, कारण दरवर्षीचं पीक नवं असतं. जे नमुने बसत नाहीत ते त्याच वाईन-घराच्या दुसऱ्या, स्वस्त वाईनमध्ये जातात. ही नाकारण्याची हिंमत मला ब्लेंड करणाऱ्याची खरी कसोटी वाटते.

मग २२५ लिटरची ओकची पिंपं. चांगल्या वाईनचा मुक्काम दीडेक वर्षाचा.

*

ब्लेंडमधली ही मुख्य द्राक्षं एकाच घरातली निघाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीने दाखवलं, की कॅबर्ने सोविन्यों हे कॅबर्ने फ्राँ आणि पांढरं सोविन्यों ब्लाँ यांचं अपत्य आहे. मेर्लोचं एक पालकही कॅबर्ने फ्राँच.

*

एक जण घर सोडून गेला होता. कार्मेनेर ही बोर्दोची जुनी जात. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेराच्या किडीने वेली खाल्ल्या, अमेरिकी खुंटावर कलमं करून पुन्हा लागवड झाली, तेव्हा हिला जवळजवळ कुणी परत घेतलं नाही. पण त्याआधीच तिची रोपं चिलीला पोहोचली होती आणि तिथे मेर्लो म्हणून खपत होती. १९९४ मध्ये फ्रेंच वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको तिथल्या एका बागेत फिरताना फुलांपाशी थांबले. पुंकेसर पिळलेले होते. मेर्लोचे तसे नसतात. तेवढ्यावरून त्यांनी कार्मेनेर ओळखलं. शतकभर हजारो लोकांनी त्या वेलींचे घड तोडले, वाईन केली. फुलाकडे नीट पाहणारा एक निघाला.

*

नाशिकच्या बाटल्यांवर कॅबर्ने-शिराझ ही जोडी नेहमी दिसते. ती ऑस्ट्रेलियाने रुळवली. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारीही फिकट वर्षाच्या वाईनला बळ यावं म्हणून ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताजची सिरा, म्हणजे शिराझच, सर्रास मिसळत. आजच्या नियमांत ते बसत नाही. तेव्हा नाशिकच्या जोडीला कुणी नवखी म्हणू नये.

*

बोर्दोच्या वाईन-घरांची १८५५ ची प्रतवारी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तेव्हाचे भाव पाहून लावली. त्यानंतरचा ठळक बदल एकच : १९७३ मध्ये मूतों रोत्शिल्ड हे घर पहिल्या श्रेणीत गेलं. ती यादी श्रीमंतांच्या लिलावाला उपयोगी. आपण साल पाहावं, काठ पाहावा. मऊ हवी असेल तर उजवा, ताठ हवी असेल तर डावा.

*

'रूम टेम्परेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. आपल्याकडे तीस अंशांच्या उकाड्यात अल्कोहोल नाकात जातं आणि फळ हरवतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. तरुण असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा.

आणि जेवणाबरोबरच घ्या. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरतात, मग हिरड्यांवर चढायला फारसं उरत नाही. मेदोकच्या पोइयाक गावात या वाईनबरोबर तिथलंच कोवळं मटण खातात. तांबडा रस्सा नको. मिरचीने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही पेटतात. मिरी-लसणावर परतलेलं सुकं मटण करा. एक घोट आधी घ्या, एक मटणाच्या घासानंतर, आणि दोन्ही ताडून पाहा.

साधी बोर्दो साठवायला केलेली नसते, आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटातल्या बाटलीची वाटच लागते. आणली की महिन्याभरात उघडा.