विजय कोणाचा?

पाकिस्तानात ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन मानतात. आपणही २०१५ साली १९६५ च्या विजयाचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. मग खरा विजय कोणाचा?

लहानपणी हाच प्रश्न मी आजोबांना विचारला. ते त्या युद्धात लढले होते. त्यांनी नकाशा उघडला आणि हाजीपीर खिंडीवर बोट ठेवले. "ही आपल्या जवानांनी प्राणपणाने जिंकली. पुढे १९६६ च्या ताश्कंद करारानंतर परत दिली. त्यांनीही घेतलेला मुलूख सोडला. दोन्ही सैन्ये पूर्वीच्या जागी गेली."

क्षणभर थांबून ते म्हणाले, "परतले नाहीत ते आपले कर्नल तारापोर, आणि त्यांचे मेजर अझीझ भट्टी."

त्यांचे डोळे पाणावले होते. तो प्रश्न मी त्यांना पुन्हा कधी विचारला नाही.