मिठाचा हिशेब

पंचेचाळिशी ओलांडली की सरकारी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीचा रंगच पालटतो. नोकरीला लागलो तेव्हा डबे उघडले की नाटक, क्रिकेट आणि बढतीची यादी हेच विषय असायचे. आता डब्यांबरोबर रिपोर्टही उघडतात. कोणाची साखर, कोणाचे कोलेस्टेरॉल, कोणाचे गुडघे! माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई तर आपल्या थायरॉईडच्या कागाळ्या अशा सांगतात, की जणू घरात नवी सून आली आहे. माझ्याही बॅगेत दर तीन-चार महिन्यांनी एक रिपोर्ट येतो. त्यावर लिहिलेले असते, सीरम लिथियम. तो मात्र मी टेबलावर ठेवत नाही.

मला बायपोलर आहे. जुन्या पुस्तकांत याला उन्माद-अवसाद म्हणत, आता द्विध्रुवीय विकार म्हणतात. दोन्ही शब्द भारदस्त आहेत, पण त्यांतून ज्याचे त्याला काय होते ते कळत नाही. तेविसाव्या वर्षी, गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकाच्या तालमी चालू असताना, मी नऊ रात्री जवळजवळ झोपलो नाही. झोपेची गरजच वाटत नव्हती. सगळ्यांचे संवाद मला पाठ, त्यांत माझी भर, शिवाय एक नवे तीन अंकी नाटक लिहायला घेतलेले! गावची मंडळी म्हणत, पोराच्या अंगात नटेश्वर संचारलाय. आई मात्र म्हणाली, "पुता, तुजे दोळे पेटल्यात." डोळे पेटलेत! दहाव्या दिवशी मला डॉक्टरकडे नेले ते तिच्या हट्टामुळे. पुढचे पाच महिने उठून दात घासणे हासुद्धा डोंगर होता.

तेव्हापासून लिथियम चालू आहे. हे औषध म्हणजे एक क्षार, मिठातल्या सोडियमचा भाऊबंद. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांनी सहकाऱ्यांसह त्याची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडले. इतक्या जुन्या औषधाची आजही जागा पक्की आहे, पण त्याची वाट फार अरुंद. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात. कमी पडले तर गुण नाही, फार वाढले तर विष. म्हणून तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच द्यायचे. आम्हां कारकुनांना हे शिस्तीचे औषध मानवते, असे डॉक्टर एकदा हसत म्हणाले होते.

तरुणपणी हा हिशेब सोपा होता. वय वाढते तसा तो अवघड होतो, कारण मूत्रपिंड म्हातारे होते. लिथियम शरीराबाहेर टाकणारे तेच. शिवाय सोडियम आणि लिथियम यांत ते फारसा भेद करत नाही. अंगातले पाणी किंवा मीठ कमी पडले की ते सोडियम धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही. पूर्वी मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी निभावून जायचे. आता जुलाब-उलट्यांचा एक दिवससुद्धा मला डॉक्टरांना फोन करायला लावतो.

तीन वर्षांपूर्वी मला ब्लडप्रेशर लागले आणि गंमत सुरू झाली. चाळिशीनंतर जो तो सांगतो, मीठ सोडा. चेपणीची तोरे, खारे सुंगट, पापड, सगळे बंद करा. पण मी मीठ एकाएकी तोडले तर लिथियम वर चढते! मला कमी करायचे तर डॉक्टरांना सांगून, हळूहळू, आणि मग रक्त तपासून. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, लिथियम वाढवतात. गुडघेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकचेही तेच. म्हणून औषधवाल्याने कोणतीही नवी गोळी पुढे केली, की मी आधी लिथियमचे नाव सांगतो. दुकानात इतर गिऱ्हाईक असले तरी सांगतो. वीस वर्षांत मिळवलेले धैर्य म्हणायचे तर ते एवढेच.

थायरॉईडही बघावा लागतो. तो मंदावला की माणूस सुस्त, उदास होतो, आणि ती उदासी मनाची की ग्रंथीची हे रक्ताशिवाय कळत नाही.

दुसरा हिशेब झोपेचा. गोव्यात तो फार कठीण! आमचे सारे उत्सव रात्रीचे. जत्रा, काला, शिगमो, आणि मराठी नाटक तर मध्यरात्रीशिवाय रंगत नाही. वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालते. माझ्यासारख्याला दोन-तीन जागरणे म्हणजे काडीपेटीशी खेळ. मी अजूनही नाटकात असतो, पण पहिल्या अंकात मरणारी भूमिका मागून घेतो. गावात यावरून चेष्टा होते. मी रंग पुसून साडेअकराला घरी येतो.

लोक म्हणतात, मन घट्ट कर. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री १८१९ मध्ये पॅरिसला वारला. संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसून होणाऱ्याच्या मनात असते, असे त्याने मांडले. मला त्याचा अभिमान वाटतो. बसमधून जाताना त्या पुतळ्याकडे पाहतो आणि मनात म्हणतो, बाबा, मनाची शक्ती तू जगाला दाखवलीस, तरी माझ्या मनाला थोडे मीठ लागतेच!

हे सगळे जमते. न जमणारी गोष्ट वेगळीच आहे.

या आजाराची एक खोड अशी, की चढ सुरू होतो तेव्हा तो आपल्याला आजार वाटत नाही. फार दिवसांनी तब्येत ठीक झाली असेच वाटते. तेव्हा बाहेरून पाहणारे कोणीतरी लागते. माझ्या घरी ती राखण आईने केली. मी अंगणात शिरतानाची माझी चप्पल ऐकून तिला कळायचे. चोवीस वर्षांत तिने मला तीनदा वेळेवर अडवले. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि विसरू लागली आहे. परवा मला तिने माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. रात्री बराच वेळ मनात तेच होते, की माझे डोळे यापुढे कोण वाचणार?

त्याच महिन्यात माझे क्रिएटिनीन थोडे वाढलेले आले. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दुसऱ्या औषधावर जायचे, किंवा लिथियमचा डोस कमी करून तपासण्या वाढवायच्या. बायकोशी बोलून मी दुसरी वाट धरली. पण त्यासाठी चढ लवकर ओळखणारी माणसे वाढवायला हवीत. म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीला समोर बसवून सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "बाबा, मला होईल का?" घराण्यात असला तर धोका थोडा अधिक असतो, पण बहुतेक मुलांना होत नाही, हे जे खरे ते सांगितले. मग आम्ही यादी केली. चारच्या आधी जाग येणे, बोलण्यात दुसऱ्याला वाव न देणे, एका दिवसात तीन नव्या योजना, कपाट रात्री आवरायला काढणे. शेवटचे तिने स्वतःहून घातले. लहानपणापासून ती पाहत होती तर!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मला एक सोय दिली आहे. शुद्धीत असताना, पुढे निर्णय घेण्याची क्षमता गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणी लिहिली, आता स्वतःची लिहितो आहे. नाव बायकोचे घातले आहे. इच्छांच्या खाली एक ओळ वाढवली, की माझ्या डोळ्यांबद्दल माझ्या मुलीने काही सांगितले तर ते माझ्या सांगण्यापेक्षा खरे मानावे.

पुढची तपासणी सोमवारी आहे. बांबोळीच्या स्टॉपवर उतरेन. मेडिकल कॉलेजही तिथेच, मानसोपचाराची संस्थाही तिथेच. कोण कुठे निघाला ते बसमधल्यांना कळत नाही. कोणी विचारलेच, तर यावेळी सांगणार आहे.