स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता

आमच्या वसईत डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की घराघरांवर चांदण्यांचे कंदील लागतात, अंगणात गव्हाणीचे देखावे उभे राहतात आणि माझ्या दवाखान्यात खोकल्याची व वाढलेल्या साखरेची गर्दी होते. या गर्दीतूनही २४ डिसेंबरच्या दुपारी चार वाजता मी दवाखाना बंद करतो आणि कॅथलिक धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका वृद्धाश्रमात जातो. गेली अठरा वर्षे हा नेम सहसा चुकलेला नाही. सणाच्या दोन दिवसांत डॉक्टर मिळणे कठीण, म्हणून सर्वांना आधीच एकदा पाहून घ्यावे, एवढाच त्यामागचा मूळ हेतू होता.

आश्रमात तीसएक वृद्ध राहतात. लाल लुगडे नेसणाऱ्या इथल्याच ख्रिस्ती आज्या आहेत, मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ आहेत, आणि ज्यांना नाताळशी काही देणेघेणे नव्हते अशी काही हिंदू मंडळीही आहेत. भगिनी सहा. त्यांतील दोघी स्वतःच साठीच्या पुढच्या. सणाच्या आदल्या दिवशी तेथे खूप धावपळ असेल, अशी माझी पहिल्या वर्षी समजूत होती. प्रत्यक्षात एक भगिनी एका आजोबांची नखे कापीत होती, दुसरी खाटेवरच्या आजींना कुशीवर वळवीत होती, आणि तिसरी चक्क झोपली होती.

स्वयंपाकघराच्या दारावर रेघा मारलेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तास लिहिलेले होते आणि प्रत्येक तासापुढे एकेकीचे नाव. स्नान, औषधे, जेवण भरवणे, कूस बदलणे, रात्रीची जाग. मध्यरात्रीच्या मिस्सेला चौघी जाणार आणि दोघी मागे थांबणार. त्या दोघींनी सकाळच्या मिस्सेला जायचे. प्रत्येकीच्या नावाखाली दिवसातून एकदा ‘विश्रांती’ हा शब्दही होता, वेळेसह. जी झोपली होती, ती त्या तक्त्याप्रमाणे झोपली होती.

खरे सांगायचे, तर मला तो कागद तेव्हा रुक्ष वाटला. करुणेला घड्याळ कशाला, असे मनात आले. सेवेची माझी कल्पना वेगळी होती. आपल्याकडे सेवा म्हटली, की अहोरात्र, तहानभूक विसरून, डोळ्याला डोळा न लावता केलेली. अशा सेवेचे एक उदाहरण पुढे माझ्याच घरी घडत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

माझ्या वडिलांना एक्क्याऐंशीव्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. त्यांना घरीच ठेवायचे ठरले. ‘ठरले’ हे क्रियापद किती सोयीचे असते, हे मला फार उशिरा कळले. ठरवले मी, आणि करू लागली माझी पत्नी. मी सकाळी रक्तदाब मोजायचो, औषधे लिहायचो, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी असे बजावायचो आणि दवाखान्यात निघून जायचो. येणारे-जाणारे म्हणत, सून असावी तर अशी. मीही म्हणत असे. नाशिकचा माझा भाऊ फोनवरून म्हणे, “वहिनी आहे म्हणून मी निर्धास्त आहे.” दोन वर्षे अशी गेली.

अकरा वर्षांपूर्वीच्या २४ डिसेंबरला मी आश्रमातून रात्री नऊच्या सुमारास घरी परतलो. वाटेत चर्चच्या मैदानावर खुर्च्या मांडणे चालले होते. घरात दिवे नव्हते. बाबा ओल्या अंथरुणात पडून होते, डोळे उघडे. पत्नी गच्चीच्या जिन्यात अंधारात बसली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “आज मी बाबांवर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला.”

मी बाबांचे कपडे बदलले, चादर बदलली. त्यांना कुशीवर वळवताना लक्षात आले, की एकट्या माणसाला हे किती जड जाते. दोन वर्षांत ते काम मी पहिल्यांदाच एकट्याने करीत होतो.

नाताळच्या सकाळी एका आजींचा श्वास पाहायला मला पुन्हा आश्रमात जावे लागले. काम झाल्यावर प्रमुख भगिनींनी चहा दिला आणि माझा चेहरा पाहून काय झाले ते विचारले. मी सांगितले. मला वाटले, त्या धीर देतील, प्रार्थना करतो म्हणतील. त्यांनी विचारले, “डॉक्टर, तुमच्या मिसेस दुपारी किती वाजता जेवतात?”

मला ठाऊक नव्हते.

“रात्री सलग किती तास झोपतात?”

तेही ठाऊक नव्हते. तीस रुग्णांचा इतिहास मला तोंडपाठ होता. एकीला मी कधी काही विचारलेच नव्हते.

मग त्यांनी मला कॅथरिन मॅकॉले यांची गोष्ट सांगितली. सिस्टरांचा संघ निराळा, पण ही हकिगत त्यांच्या मनात घर करून होती. कॅथरिन १७७८ साली डब्लिनजवळ जन्मल्या. कॅलाहन नावाच्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याकडे त्या वीसएक वर्षे राहिल्या आणि दोघांचीही अखेरपर्यंत शुश्रूषा केली. बाई १८१९ मध्ये गेल्या, गृहस्थ १८२२ मध्ये. म्हणजे पुढे ज्यांच्या नावाने मोठा सेवासंघ उभा राहिला, त्या बाई आधी आपल्यासारख्याच घरात आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या होत्या. कॅलाहनांनी त्यांच्या नावे ठेवलेल्या संपत्तीतून त्यांनी डब्लिनच्या बॅगट स्ट्रीटवर एक घर बांधले. ते १८२७ मध्ये गरीब मुली व निराधार स्त्रियांसाठी उघडले, तेव्हा कॅथरिन पन्नाशीला टेकल्या होत्या. नाताळात तेथे गरीब मुलांना जेवण घालण्याची प्रथा पडली. १८३१ मध्ये ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा संघ स्थापन झाला.

पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये पटकीची साथ आली. या भगिनी टाउनसेंड स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या रुग्णालयात शुश्रूषेला गेल्या, आणि गेल्या त्या पाळ्या लावून. एक तुकडी परतली, की दुसरी जाई. संघ नवा, हात मोजके, आजार भयंकर. अशा वेळीही सर्वांनी एकदम स्वतःला झोकून दिले नाही.

सिस्टरांना सर्वांत भावलेली गोष्ट मात्र शेवटची होती. ११ नोव्हेंबर १८४१ रोजी कॅथरिन गेल्या. मृत्युशय्येवर त्यांना आठवण झाली ती उशाशी जागणाऱ्यांची. आपण गेल्यावर या सगळ्यांना चांगला चहा मिळेल असे पाहा, असे त्यांनी एका भगिनीला सांगून ठेवले होते.

“आमच्याकडे दयेची सात शारीरिक कृत्यं सांगितली आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट, मृताचं दफन. सगळी हातांनी करायची कामं आहेत, डॉक्टर. हात दमतात. म्हणून दुसरे हात तयार ठेवावे लागतात.” आणि त्यांनी नाताळचे एक भेटकार्ड घेतले, ते उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या. “आता सांगा, घरात माणसं किती?”

त्या कार्डाने आमच्या घरात चमत्कार झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुपारी एक ते तीन पत्नीने दार लावून झोपायचे, हे ठरायला एक दिवस लागला. तिला खरोखर झोप लागायला तीन आठवडे. आठवड्यातल्या तीन रात्री माझ्या वाट्याला आल्या. सकाळच्या स्नानासाठी ब्यूरोतून माणूस ठेवला. बाबांनी पहिले चार दिवस त्याला अंगाला हात लावू दिला नाही आणि पत्नी अपराधी मुद्रेने दारात उभी राहिली. भावाला मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितले, की दर महिन्याला एक आठवडा येऊन राहा. तो रागावला, मग आला. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. संध्याकाळचा चहा आजोबांना भरवणे तिच्याकडे आले. बाबा त्यानंतर चौदा महिने जगले. या काळात पत्नीचा आवाज कधी चढलाच नाही असे नाही. पण ती पुन्हा जिन्यात जाऊन बसली नाही. बाबा गेले त्या पहाटे शेजारच्यांनी आमच्यासाठी चहा करून आणला, तेव्हा मला डब्लिनच्या त्या बाई आठवल्या.

आता मी आश्रमातला तक्ता वेगळ्या नजरेने वाचतो. त्यात सणाचाही विचार केलेला असतो. भेटीला येणाऱ्यांचे जथे सकाळी थोडे थोडे सोडले जातात; ज्यांचे स्मृतिभ्रंशाने भान हरपले आहे त्यांना गर्दीत आणि गाण्यांच्या आवाजात बसवीत नाहीत, कारण संध्याकाळी ते अधिकच बावरतात. सण असला तरी औषधांची वेळ हलत नाही. मधुमेह्यांना गोड अगदीच नाकारीत नाहीत. जेवणाचा हिशेब करून एखादी नेवरी, सुकेळ्याचा छोटा तुकडा देतात. ज्यांना गिळण्याचा त्रास आहे, त्यांना केक दुधात कालवून मऊ करून, ताठ बसवून, लहान घासांनी भरवतात आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाहीत. एका आजींचा मुलगा दरवर्षी येतो म्हणतो आणि येत नाही. त्या दुपारी चारपासून फाटकाकडे पाहत बसतात. तक्त्यावर चार ते पाच या वेळेपुढे एका भगिनीचे नाव असते आणि काम लिहिलेले असते, ‘आजींजवळ बसणे’. एवढेच.

भगिनींची श्रद्धा त्यांची आहे. मी त्या धर्माचा नाही. पण प्रार्थनेची घंटा झाली, की हातातले काम दुसरीच्या हाती देऊन त्या शांतपणे उठून जातात, हे मी पाहत आलो आहे. माझ्यावाचून चालणारच नाही, असा आग्रह त्यांच्यात दिसत नाही. आपल्या घरांत सेवा करणाऱ्याला हाच आग्रह आजारी पाडतो, आणि बाकीच्यांना तो सोयीचा असतो. म्हणूनच आपण त्याचे इतके कौतुक करतो.

आता माझ्या दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाविषयी कोणी सल्ला विचारायला आले, की मी आधी समोरच्याला विचारतो: तुम्ही जेवता कधी? सलग झोप किती? पाठ दुखते का? रुग्णाचा राग येतो का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण आधी ‘नाही’ म्हणतात. मी थांबतो. मग डोळे भरून येतात. राग येणे हे प्रेम आटल्याचे लक्षण नव्हे. ते बहुधा झोप आणि सोबत आटल्याचे लक्षण असते. त्यावर उपाय आहे, आणि तो आजाऱ्यासाठीही हिताचाच आहे. ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. तुमची सेवा एकाच व्यक्तीकडून व्हावी असा हट्ट धरू नका. दुसऱ्या हाताची सवय हळूहळू करून घ्या. त्याने तुमचे माणूस दूर जात नाही, टिकते.

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी पत्नीही माझ्याबरोबर आश्रमात आली होती. प्रमुख भगिनी आता थकल्या आहेत. तक्त्यावर त्यांचे नाव भरवणाऱ्यांत नाही, आधार घेणाऱ्यांत आहे. एका तरुण भगिनीचा हात धरून त्या बाहेर आल्या आणि पत्नीला म्हणाल्या, “तुम्ही बसा. चहा मी सांगितलाय.”

या सणासुदीला तुम्ही कोणा आजाऱ्याला भेटायला जाल. फळे, केक, फुले न्या. पण त्यांची सेवा करणाऱ्या माणसाला आत बोलावून एवढे जरूर म्हणा: “तुम्ही दोन तास पडा. तोवर मी इथे बसतो.”